सापडलेल्या माणसाचा मलिदा

"माणसं किती म्हणालीस, सेगुला?" हायम भाऊजींनी विचारलं.

"वीस."

"मग चार किलो पोहे फार होतील."

"दोनच किलो भिजवलेत, भाऊजी."

"हां. दोन बरोबर." ते पुन्हा खवणीवर वाकले. खोबरं मात्र काय सुरेख खवत होते! करवंटीची काळी पाठ एकदाही खाली येऊ दिली नाही. अर्धा नारळ झाला आणि मान वर आली. "सेगुला, माणसं किती?"

"वीस."

ही चौथी वेळ. मी जळगावला जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला. एकच उत्तर शंभरदा द्यायचं आणि शंभराव्यांदाही पहिल्यांदाच देतोय असं द्यायचं, हे मला कुणी शिकवायला नको. पण दारात उभ्या असलेल्या नओमीला ते जमत नव्हतं. ती भाऊजींची मुलगी, ठाण्याहून नवऱ्याला घेऊन आलेली. तिचे डोळे भरले, तशी मी तिला नजरेनंच दटावलं. रडायचं तर मोरीत जाऊन रड बाई, इथं पोहे आहेत.

मलिदा म्हणजे पेपरात कुणी कुणी लाटतात तो नव्हे. आम्ही बेने इस्राएल, मराठी यहुदी. नवस फेडायचा असला की एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावानं आम्ही मलिदा करतो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बेदाणे असं सगळं कालवून ताटात त्याची रास करायची, भोवती फळं मांडायची, गीत म्हणायचं, एकेका फळावर बेराखा म्हणजे देवाच्या आभाराचे शब्द म्हणायचे आणि मग सगळ्यांनी खायचं. सिनेगॉग आमचं ठाण्याला नाहीतर मुंबईला. इथं जळगाव, भुसावळ, धुळे सगळं धरून आम्ही चौदा डोकी, त्यातली दोन अजून रांगतात. त्यामुळे आमचं सिनेगॉग म्हणा, सभागृह म्हणा, ती भाऊजींची भुसावळची बैठकीची खोली. आणि हज्जान म्हणा, पुढारी म्हणा, ते हायम भाऊजी. रेल्वेत अडतीस वर्षं डब्यांतले दिवे आणि पंखे दुरुस्त केले, आणि सुटीच्या दिवशी आमच्या प्रार्थना म्हटल्या. कुणाचं लग्न, कुणाची मयत, कुणाचा नवस, भाऊजी टोपी घालून हजर.

आजचा नवस माझा होता. कशाचा, ते सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊजींना मात्र मी एवढंच सांगितलं होतं, की एक हरवलेला माणूस सापडला.

दिवाळीनंतर एका सकाळी भाऊजी डबा घेऊन घराबाहेर पडले. रिटायर होऊन सोळा वर्षं झालेली, तरी कामाला निघाले. संध्याकाळी आले नाहीत, रात्री आले नाहीत. मी जळगावहून धावले, नओमी ठाण्याहून. दुसऱ्या दिवशी दुपारी धुळ्याच्या आमच्या शालोमला ते चाळीसगाव स्टेशनच्या बाकावर बसलेले दिसले. डबा मांडीवर, तसाच भरलेला. "गाडी लागली नाही अजून," म्हणाले, "पंखे तपासायचेत." तोपर्यंत मी भुसावळच्या पुलावर उभी राहून बोलून चुकले होते, "एलियाहू हनाबी, माझा दीर घरी आण. मलिदा करीन, आणि त्यांच्याच तोंडून म्हणवीन."

नवस बोलताना जीभ सैल सुटते. तेवढं शेवटचं वाक्य बोलले नसते तर बरं झालं असतं, असं नओमीचा नवरा एलिएजर मला सकाळपासून ऐकवत होता.

"काकी, मला सगळं पाठ आहे," तो स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला. "मी म्हणतो. पप्पांना शेजारी खुर्चीवर बसवू. सन्मानानं."

"सन्मानानं बाजूला बसवायचं म्हणजे काय रे बाबा?"

"मागच्या शुक्रवारी त्यांना प्याल्यावरची प्रार्थना, किद्दूश आठवला नाही. हातात प्याला धरून पाच मिनिटं उभे होते. घरात होतं, झाकलं गेलं. आज वीस माणसांत असं झालं तर? लाज कुणाची जाईल? त्यांचीच ना?"

मुलगा वाईट नाही हो. उंटावरून शेळ्या हाकायची सवय आहे थोडी, पण बोलला ते खोटं नव्हतं. मला भीती वाटत होती. पुढच्या महिन्यात नओमी त्यांना ठाण्याला नेणार होती, म्हणजे भुसावळातला हा त्यांचा शेवटचा मलिदा. इतकी वर्षं ज्या माणसानं आम्हा मूठभरांना धरून ठेवलं, त्याची शेवटची आठवण ततपप करणाऱ्या म्हाताऱ्याची राहायची? आणि तीसुद्धा माझ्या हट्टापायी? पण त्यांना खुर्चीवर बसवून दुसऱ्यानं म्हटलं, तर त्यांना काय वाटेल, हे मला त्याहून जास्त माहीत होतं.

"भाऊजी म्हणतील तर मलिदा," मी म्हटलं, "नाहीतर हे पोहे फोडणीला टाकते. जा, सतरंज्या घाल."

अकराच्या सुमाराला माणसं यायला लागली. धुळ्याची मंडळी आली. शालोमचा जन्म सोनगीरचा, त्यामुळे त्याच्या तोंडी कायम अहिराणी. चपला काढता काढताच ओरडला, "काय वहिनी, बठ्ठा उनात का?"

"तुझीच वाट बघत होते सगळे."

"भाऊ कसा शे?" हे मात्र त्यानं आवाज उतरवून विचारलं.

"आहेत. अंघोळ करून पांढरा सदरा घालून बसलेत. तू काही विचारू नकोस त्यांना, नुसता पाया पड."

मागोमाग जीवरामभाऊ आले. हे आमच्यातले नव्हेत. फैजपूरचे केळीवाले शेतकरी, पण भाऊजींचे चाळीस वर्षांचे दोस्त. मलिद्याची केळी त्यांच्याच मळ्यातली, असा नियमच होता. आज केळी होतीच, शिवाय सकाळी कापलेली कोवळी पानं, आणि मागून त्यांची बायको कुंदाबाई भरीताचं भलं मोठं पातेलं घेऊन. मलिद्यानंतर जेवायला भरीत-पुरी. आमच्या आजोबांनी कोकणात काय खाल्लं असेल ते असो, थंडीच्या दिवसांत खानदेशात भरीत चुकवेल तो माणूस नव्हे.

खोलीत सगळे दाटीवाटीनं बसले. पुरुषांनी टोप्या घातल्या, जीवरामभाऊंनी आपली गांधी टोपी नीट केली. मी ताट मधोमध ठेवलं. पांढऱ्या पोह्यांची रास, भोवती खजूर, सफरचंद, संत्री, पेरू, केळी, वर सब्ज्याची डहाळी. भाऊजी उभे राहिले.

त्यांनी गीत सुरू केलं, आणि काय सांगू! एक अक्षर चुकलं नाही. आवाज थोडा कापरा, पण सूर तोच, सासऱ्यांकडून आलेला. नओमी माझा हात घट्ट धरून बसली होती, तिची बोटं सैल झाली. एलिएजरसुद्धा डोळे मिटून गात होता. मी मनात म्हटलं, बघ रे शहाण्या, बघ.

मग फळं आली. भाऊजींनी खजूर उचलला, झाडाच्या फळाची बेराखा म्हटली. आम्ही म्हटलं, "आमेन." त्यांनी खजूर खाल्ला, केळ उचललं, आणि पुन्हा झाडाच्या फळाचीच बेराखा म्हटली.

"आमेन" कुणी म्हटलं नाही. ती चूक आमच्यातल्या पोरालाही कळते. आमच्या धर्मात केळ हे झाडाचं फळ नाही, जमिनीचं. त्याची बेराखा वेगळी.

"पप्पा, चुकलं," एलिएजर म्हणाला. हळू म्हणाला, पण खोली एवढीशी.

भाऊजी थांबले. हातातल्या केळाकडे बघत राहिले. ते काय आहे, हेच विसरल्यासारखे. मग आमच्याकडे बघितलं, एकेकाच्या तोंडाकडे. त्या नजरेत जी भीती होती ना, ती मला अजून दिसते. मला ओरडावंसं वाटलं. सगळी चूक माझी, माझ्या जिभेची.

"हायमभाऊ," भिंतीला टेकून बसलेले जीवरामभाऊ मोठ्यानं बोलले, "चाळीस वर्सं झाली, तुमी मलेच सांगता का, जीवराम, केळ हे झाड नही. एकदा घड देल्ला का कापून टाकाचं, त्याले झाड कसं म्हनाचं? मी केळीवाला, मले तुमी शिकवलं. आन आज तुमीच झाड समजून चढले का तिच्यावर?"

सगळ्यात आधी शालोमला हसू फुटलं. मग सगळी खोली हसली. आणि भाऊजीही हसले, हो! खरंखुरं, पोट हलवून हसले.

"अरे हो की रे! झाड कुठलं, ही तर कापायची!" आणि जमिनीच्या फळाची बेराखा त्यांनी खणखणीत म्हटली. आम्ही "आमेन" असं म्हटलं, की बाहेर गल्लीतल्यांनी ऐकलं असेल.

इथं संपलं असतं तर मी देवाला आणखी एक नवस बोलले असते. पण भाऊजींनी केळ खाल्लं, हात पुसले, ताटाकडे बघितलं, टोपी सारखी केली, आणि गीत पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

त्यांच्या लेखी मलिदा आत्ताच सुरू होत होता.

एलिएजर माझ्या कानाशी झुकला. "काकी, थांबवा. बेराखा परत म्हणतील. देवाचं नाव फुकट घेऊ नये."

"फुकट कसं?" मी म्हटलं. "देवाला एकदाच ऐकू येतं असं कुठं लिहिलंय?" धर्मशास्त्रात बसतं की नाही कोण जाणे, पण त्या वेळी मला तेच सुचलं. आणि मी पदर डोक्यावर ओढून दुसऱ्या ओळीपासून त्यांच्याबरोबर गायला लागले. माझा आवाज म्हणजे पहिलीच्या वर्गाचा, सूर कमी आणि जोर जास्त. शालोमनं उचललं. मग नओमीनं. जीवरामभाऊंना शब्द येत नाहीत, ते टाळ्या वाजवू लागले. तिसऱ्या कडव्याला एलिएजर आला. पोराचा गळा चांगला आहे, तेवढं म्हणायला हवं.

सगळा मलिदा दुसऱ्यांदा झाला. खजूर, केळ, पेरू, सब्ज्याची डहाळी. या खेपेला भाऊजी कुठेच चुकले नाहीत.

मग त्यांनी मूठमूठ मलिदा प्रत्येकाच्या हातावर घातला. जीवरामभाऊंना दोन मुठी. माझ्यापाशी आले, आणि देता देता थांबले.

"सेगुला, ज्याच्यासाठी नवस, त्याला दिलं का?"

"नाही अजून," मी म्हटलं.

"असं कसं? आधी त्याला द्यायचं." त्यांनी केळीच्या पानाचा तुकडा घेतला, त्यावर मलिदा घातला, वर एक खजूर ठेवला. दुमडता दुमडता विचारलं, "हरवला होता म्हणालीस ना? कुठं सापडला?"

"चाळीसगावला."

"बापरे. घरी नीट पोचवलं ना?"

"हो भाऊजी. स्वतःच्या घरी आहे."

"त्याला कुणी रागावलं नाहीत ना? हरवलेलं माणूस आधीच फार घाबरलेलं असतं गं."

नओमी उठून आत गेली. त्या दुपारी चाळीसगावहून आल्यावर ती त्यांना फार बोलली होती. काळजीपोटीच, पण बोलली होती.

"नाही रागावलो," मी म्हटलं.

"बरं केलंत." त्यांनी पुडी माझ्या हातात दिली आणि वरून माझी मूठ मिटली. "नेऊन दे त्याला. विसरू नकोस हं."

भरीत-पुऱ्या झाल्या, धुळ्याची गाडी गाठायला शालोमची मंडळी निघाली, एलिएजरनं न सांगता सतरंज्या झाडून घड्या केल्या. चार वाजता भाऊजी खिडकीशी खुर्चीत बसले होते. मी पुडी सोडून त्यांच्यापुढे धरली.

"हे कुणाचं?" त्यांनी विचारलं. मग पानाकडे निरखून बघितलं. "हे त्याचं ना? ज्याच्यासाठी नवस होता?"

"हो. त्यानंच पाठवलंय. म्हणाला, अर्धं तुम्ही खा."

"भला माणूस दिसतो," भाऊजी म्हणाले. खजूर बोटांनी दोन तुकडे करून त्यांनी एक तोंडात टाकला. मग अगदी सावकाश, मोजून मापून अर्धा मलिदा खाल्ला, आणि उरलेला पुन्हा पानात नीट दुमडून माझ्या हातात दिला.