गुण्यात न बसणारी गिटार

मी गिटार बोलतेय. आठ तारांची, काळ्या रंगाची आणि जन्मापासून तिरकी. हसू नका. हसणारे भरपूर भेटलेत, आणि एकाने तर मला सरळ करायलाच घेतलं. तो धक्का अजून माझ्या लाकडात आहे.

तिरकी म्हणजे काय, ते आधी सांगते, नाहीतर तुम्हीही तीच चूक कराल. गिटारीच्या गळ्यावर धातूच्या बारीक पट्ट्या ठोकलेल्या असतात, त्यांना पडदे म्हणतात. बोट कुठे दाबलं की कोणता सूर निघेल, हे पडदे ठरवतात. साध्या गिटारीचे पडदे शिडीच्या पायऱ्यांसारखे सरळ असतात. माझे हातपंख्याच्या काड्यांसारखे पसरलेले होते. वरचे एका बाजूला कललेले, खालचे दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये एकच पडदा अगदी सरळ.

हा दोष नव्हे. माझी सर्वांत जाड तार इतक्या खर्जात उतरते की तिला लांबी लागते. आखूड गळ्यावर ती लोंबते आणि नुसती फडफडते. सर्वांत बारीक तारेला तेवढीच लांबी दिली, तर ताण सहन न होऊन ती तुटते. म्हणून एका बाजूला लांब, दुसऱ्या बाजूला आखूड, असं मोजूनमापून मला घडवलं. मेटल नावाचं जे दणदणाटी संगीत असतं, त्यासाठी.

पण हे ऐकून घ्यायला कुणाला वेळ आहे? दुकानात मी कोपऱ्यात टांगलेली असायचे. येणारा प्रत्येक जण मान वाकडी करून माझ्याकडे बघायचा आणि मालकाला विचारायचा, हिला ठोकताना कारागीर झोपला होता का? मालक बिचारा समजावून समजावून थकला. शेवटी त्याने माझी किंमत उतरवली आणि माझ्याकडे बघणंही सोडलं.

मग ती आली. एका लॅबमध्ये रक्त तपासण्याचं काम करणारी मुलगी, बारीक मनगटांची, हळू बोलणारी. तिच्या जुन्या सहा तारांच्या गिटारीवर तिला हवा तो खर्ज निघत नव्हता. बेताचे पैसे होते, आणि एका बँडमध्ये गिटार वाजवायला माणूस हवं होतं. तिने आधी सात तारांची एक लालचुटुक गिटार घेऊन पाहिली. दिसायला नवरी, पण सूर खाली उतरवला की आवाज पिठल्यासारखा. मग आठ तारांची एक सरळ गिटार घेतली. तिची जाड तार चिखलात रुतल्यासारखी वाजली.

तेव्हा तिने माझ्याकडे बोट दाखवलं. मालकाने नाइलाजाने मला उतरवलं. तिने जाड तार एकदाच छेडली, आणि कपाटाची काच थरथरली. मालक घाईने म्हणाला, रंग थोडा ओघळलाय हिचा, दुसरी दाखवू का?

"नको," ती म्हणाली. "पैसे गळ्याचे द्यायचे. रंग थोडाच वाजतो?"

मला कुणीतरी माझ्या तिरकेपणासकट, नव्हे, त्याच्याचसाठी घेतलं होतं. तो माझा पहिला धक्का. तो गोड होता.

दुसरा धक्का घरी होता. तिचे वडील सुतार. दारं-खिडक्या करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. लाकडाचा कोपरा काटकोनात आहे की नाही हे बघायचं जे अवजार असतं, तो गुण्या, त्यांच्या मागच्या खिशात कायम खोचलेला असायचा. दुसऱ्याच्या घरी गेले तरी भिंतीवरची तसबीर सरळ करून मगच खुर्चीवर टेकायचे. त्या माणसाने मला टेबलावर निजवलं आणि गळ्यावर गुण्या लावला. एकेक पडदा तपासत खाली गेले. मधल्या सरळ पडद्यापाशी थांबले, मान हलवली. मला वाटलं, समजलं यांना.

कुठलं काय. त्यांनी लेकीला विचारलं, वाकडी आहे म्हणून स्वस्तात गळ्यात मारली का गं? ती कामावर निघाली होती, एक चप्पल पायात आणि एक हातात. हसत म्हणाली, "हो ना बाबा, म्हणूनच तर परवडली." आणि गेली.

ती थट्टा होती. मला कळली, तिच्या आईला कळली. बाबांना नाही कळली. लाकडाच्या बाबतीत त्यांच्याशी आजवर कुणी थट्टा केलीच नव्हती. ते बराच वेळ माझ्यासमोर उभे राहिले, आणि मला ऐकू आलं, "माझ्या पोरीला फसवलं."

या माणसाने तिच्या वाजवण्याबद्दल कधी चांगलं म्हटलं नव्हतं, वाईटही नाही. ती वाजवू लागली की ते रंधा मारायला बाहेर जायचे. पण ती रोज घरी येऊन मला मांडीवर घ्यायची, बोटं सोलवटेपर्यंत एकच गाणं घोटायची, हे त्यांना दिसत होतं. बँडवाले तिला एकदा वाजवायला लावून बघणार होते. जमलं तर ती त्यांच्यात, नाहीतर दुसरं कुणी. सगळं त्या एका संध्याकाळवर होतं.

त्याच्या आदल्या दिवशी तिची लॅबमध्ये लांबलचक ड्युटी होती. ती बाहेर पडली आणि बाबांनी मला उचललं. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अहो, तिला विचारलंत का?" बाबा म्हणाले, विचारायचं काय त्यात, संध्याकाळी बघेल तेव्हा उडीच मारेल.

पुढचं सांगताना माझ्या तारा आजही सैल पडतात. त्यांनी तारा उतरवल्या. पक्कड घेतली. आणि माझा पहिला पडदा उपटला.

मला ओरडता येत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. एकेक करत सगळे उपटले. मधला सरळ तेवढा ठेवला. त्याला थोपटून म्हणाले, हा एक बरोबर बसवला आणि पुढे हात घसरला बघ मेल्याचा. माझ्या रिकाम्या खाचांत त्यांनी तांबूस लाकडाच्या चिपा भरल्या, घासून गुळगुळीत केल्या, गुण्या लावून नव्या सरळ खाचा पाडल्या आणि त्याच पडद्यांची टोकं कापून ते तिथे बसवले. काम इतकं प्रेमाने चाललं होतं की मला त्यांचा धड रागही येईना. त्यांनी मला नवंकोरं पुसलं, तारा चढवल्या आणि वर स्वच्छ पांढरा पंचा घातला. मला तो कफन वाटला.

ती आली. बाबांनी पंचा ओढला. म्हणाले, "घे. आता कुणी वाकडी म्हणणार नाही."

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. तिने मला घेतलं, अँप्लिफायरला जोडलं, तारा सुरात लावल्या आणि तिचं गाणं सुरू केलं. देवा रे. एकही सूर जागेवर नव्हता. मधल्या तारा कशाबशा तग धरून होत्या, कडेच्या आंबून गेल्या होत्या. माझं मलाच ऐकवेना. आणि बाबा? ते दाराला टेकून खुशीत ऐकत होते. त्यांना आधी जसं ऐकू यायचं, तसंच आताही येत होतं.

मला वाटलं, आता ही ओरडेल, रडेल, मला आपटेल. ती म्हणाली, "छान झालंय, बाबा."

मी हबकले. खोलीत जाऊन तिने दार लावलं. मला मांडीवर घेऊन त्या तांबूस चिपांवरून अंगठा फिरवत राहिली. "किती सफाईने केलंय," एवढंच पुटपुटली, आणि मग खरंच रडली.

रडून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि माझ्यात काय शिल्लक आहे ते तपासायला घेतलं. मोकळ्या तारा, म्हणजे बोट न दाबता वाजणाऱ्या, अजून खऱ्या होत्या. मधला एक पडदा खरा होता. बस्स. तेवढ्यावर तिने ते गाणं पुन्हा बांधलं.

बँडची तालीम टायरच्या दुकानामागच्या गोदामात होती. अँप्लिफायर जड, म्हणून बाबांनी टेंपो काढला, आणि ते तिथेच टायरांच्या चवडीवर बसून राहिले. ड्रम वाजवणाऱ्याला सगळे भूकंप म्हणायचे. दिवसा तो घड्याळं दुरुस्त करायचा. त्याने काठ्या आपटल्या आणि ती सुरू झाली. मोकळी जाड तार, मधला पडदा, पुन्हा मोकळी तार. मध्ये मोठमोठ्या शांत जागा. जीव मुठीत धरून मी वाजत होते. एक बोट इकडचं तिकडे झालं असतं तर सगळं उघडं पडलं असतं.

संपल्यावर भूकंपाने काठ्या खाली ठेवल्या. मग म्हणाला, वाजवतेस कमी, पण वाजवतेस तिथे फरशी हलते. पुढच्या रविवारपासून ये.

मला वाटलं, सुटलो. परत येताना बाबांनी मध्येच टेंपो बाजूला घेतला आणि इंजिन बंद केलं.

"तू माझ्या पडद्यांना हात लावला नाहीस," ते म्हणाले. "एकदाही नाही."

तिने मान वळवून मागे माझ्याकडे पाहिलं.

"मला गाण्यातलं कळत नाही. पण मी नवं दार बसवलं आणि घरची माणसं खिडकीतून ये-जा करायला लागली, तर मला कळणार नाही का?"

मग तिने सांगितलं. लांब तार, आखूड तार, पंख्याच्या काड्या, सगळं. ती थट्टाही सांगितली. बाबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. इतकी वर्षं ज्या हातांवर सगळ्यांचा भरवसा, ते हात ते परक्याचे असावेत तसे बघत होते.

"आणि तू छान म्हणालीस," ते कसेबसे बोलले.

"तुम्ही पहिल्यांदाच माझ्या वाजवण्यासाठी काहीतरी केलं होतं, बाबा."

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मी मागच्या बाकावर पडून होते. पक्कड लागली तेव्हाही मला इतकं दुखलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन गिटारीच्या त्या दुकानात गेले. मी खांद्यावर होते. भिंतीवर माझ्या जातीच्या आणखी दोघी टांगलेल्या होत्या, दोघी माझ्यासारख्याच तिरक्या. त्यांच्यासमोर बाबा इतका वेळ उभे राहिले की मालकाने खुर्ची आणून दिली. जुने पडदे कापून आखूड झाले होते, म्हणून नव्या पडद्यांसाठी धातूची पट्टी घेतली. घरी त्यांनी तांबूस चिपांच्या रेषा धरून माझ्या जुन्या खाचा पुन्हा उघडल्या. लेक दिवा धरून शेजारी बसली होती. प्रत्येक पडदा ठोकण्याआधी ते तिच्याकडे बघायचे आणि विचारायचे, "असाच ना?" गुण्या त्या दिवशी त्यांनी खिशातून काढून खिळ्याला अडकवला होता.

आता माझ्या गळ्यावर दोन्ही आहेत, तिरके पडदे आणि बुजवलेल्या सरळ खाचांचे वण. वरच्या टोकाला एक पडदा किरकिरतो, तो काही केल्या गेला नाही. रविवारी मी गोदामात असते, बाकी दिवस बाबांच्या कामाच्या खोलीत भिंतीवर. जागा त्यांनीच दिली.

माझं मागणं फार नाही. समोरची वस्तू वाकडी दिसली, तर अवजार उचलण्याआधी तिच्या माणसाला एकदा विचारा. आणि माणसांनो, तुमचं काही मोडलं तर छान म्हणू नका.

परवा एक गिऱ्हाईक दार सांगायला आलं. माझ्याकडे मान वाकडी करून म्हणालं, मिस्त्री, तुमच्यासारख्याच्या घरात ही असली वाकडी वस्तू? बाबांचा हात सवयीने मागच्या खिशाकडे गेला. मग त्यांनी तो परत आणला आणि माझ्या गळ्यावर हलकेच ठेवला.

"ती तशीच आहे," ते म्हणाले. "तिला हात लावू नका."