लाकडी जमिनीतून आलेलं उत्तर

पेटत्या घरात माणूस शोधायचा, तर आधी डोळ्यांचा भरवसा सोडावा लागतो. धुरात स्वतःचा पंजाही दिसत नाही. मग डावा हात भिंतीला टेकवायचा, गुडघ्यांवर रांगायचं आणि काही झालं तरी भिंत सोडायची नाही. मागच्यानं पुढच्याचा बूट धरायचा. परतीची वाटही त्याच भिंतीला धरून असते.

वूच शहरातल्या आमच्या अग्निशमन केंद्रात हे मला लेशेकनं शिकवलं. ऑक्टोबरातल्या त्या दुपारी आम्ही बिटाच्या आंबवलेल्या सूपात चमचा घातला आणि घंटा झाली.

"ऊठ रे वितेक! परत येईपर्यंत आणखी आंबेल, चांगलं लागेल!" लेशेक धावता धावता म्हणाला.

जुन्या कापड गिरणीशेजारची चार मजली इमारत होती. शिवणकामाच्या सहकारी संस्थेतले कारागीर तिथे राहायचे, आणि त्यातल्या बहुतेकांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आमच्या भागात हे सगळ्यांना ठाऊक होतं. आम्हालाही.

फाटकातच क्लेमेन्स नावाच्या म्हाताऱ्यानं माझी बाही पकडली. त्यानं बोटातली अंगठी दाखवली, तीन बोटं वर केली आणि उजवा पाय दाणकन आपटला. पुन्हा अंगठी, पुन्हा तीन बोटं, पुन्हा पाय.

"बायको, तिसऱ्या मजल्यावर," मी म्हणालो.

"अहो काका, चिडू नका, निघालोच!" लेशेकनं त्याला बाजूला केलं.

तिसऱ्या मजल्यावर दाराला हाताची मागची बाजू लावून पाहिली. गरम होतं, पण उघडण्याजोगं होतं. आत काळोख. स्वयंपाकघर, पलंग, पलंगाखाली, कपाटात, सगळीकडे हात फिरवला. मधल्या बोळात भिंतीवर ओळीनं जाड कोट टांगलेले होते. त्यांच्यावरून हात सरकवत पुढे गेलो. दर चार हातांवर लेशेक ओरडायचा, "कुणी आहे का?" मग दोघंही श्वास रोखून ऐकायचो.

काही नाही.

लेशेकनं पाठीवरच्या हवेच्या टाकीचा काटा डोळ्यांशी नेला. "वितेक, दोन मिनिटं. मग निघायचं. घर रिकामं आहे."

"आपण हाका कुणाला मारतोय, लेशेक?"

त्यानं काटा खाली केला. मी म्हणालो, "तो म्हातारा चिडला नव्हता रे. तिला बोलवायचं कसं, ते सांगत होता."

लेशेकनं बूट उचलून जमिनीच्या लाकडी फळ्यांवर तीनदा आपटला. आम्ही हातमोजे जमिनीला टेकवून दगडासारखे स्थिर झालो. खाली आग गुरगुरत होती. आणि मग तळव्याखालची फळी थरथरली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा.

तोवर त्या घरात माझ्यासाठी फक्त धूर होता. आता कुणीतरी होतं.

"कोटांकडून येतंय!" लेशेक म्हणाला.

आम्ही उलटे फिरलो. कोट ओढून पाडले, तर मागे भिंत नव्हतीच, दार होतं. न्हाणीघराचं. आत ओला टॉवेल फटीत कोंबून लुत्सिनाबाई बसल्या होत्या. काळे मुखवटे घातलेल्या आम्हा दोघांना पाहून त्या दचकल्या नाहीत. लेशेकचा बूट त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला.

आम्ही त्यांना खाली आणलं, तेव्हा हवा संपत आल्याची टाकीची शिट्टी वाजत होती. क्लेमेन्सनं बायकोला मिठीत घेतलं. फुटपाथवर उभ्या असलेल्या शेजाऱ्यांनी हात उंच केले आणि पंजे फिरवायला सुरुवात केली. पन्नास-साठ हात, आणि आवाज एकही नाही. ती आमच्यासाठी टाळी होती.

उत्तर म्हणून मी बूट तीनदा आपटला. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

क्लेमेन्सनं तेवढं पाहिलं. तो खाली वाकला, फुटपाथच्या दगडावर बोटानं टकटक केली आणि हसत ‘नाही’ अशी मान हलवली. मग माझा हात धरून त्यानं तो फाटकाच्या लाकडी फळीवर ठेवला, आणि पलीकडून स्वतः ठोकलं. एक. दोन. तीन.

मग ते मला कळलं हे दाखवायला मीही उलट ठोकावं, असं त्यानं हातानं खुणावलं.