काळ्या साडीचा मान

इनास पहाटे गेला आणि दुपारी माझी काळी साडी चालत घरी आली. आमच्या गावात ती अशीच येते. नवरा गेल्याची बातमी कापडाच्या दुकानापर्यंत पोचली की फळीवरची एक काळी साडी आपली घडी मोडते, निऱ्या काढते, लांब बाह्यांचा काळा ब्लाउज बरोबर घेते आणि रस्त्याच्या कडेकडेने विधवेच्या दारात येऊन उभी राहते. बाईने लगेच दारात जाऊन तिच्यात शिरायचं असतं. मी स्वयंपाकघरात होते. दूध उतू जात होतं आणि गॅसचं बटण अडकलं होतं. मी बाहेर येईपर्यंत साडी रिकामीच आत आली होती आणि शवपेटीजवळच्या खुर्चीवर बसली होती.

मला वाटलं, एवढ्यातेवढ्याने काय बिघडतंय.

माणसं येऊ लागली. जो तो साडीसमोर वाकत होता आणि ब्लाउजच्या बाहीचं टोक हातात धरून रडत होता. माझी नणंद ब्रिजिता धावतच आली आणि तिने साडीच्या खांद्यावर डोकं टेकलं. "वहिनी गो, आता तुझं कसं होणार?" आत कुणीच नसल्यामुळे खांदा खचला आणि ब्रिजिताचं डोकं थेट खुर्चीच्या हातावर गेलं. तशीच वाकून ती रडत राहिली.

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. अंगात रात्रीचा पिवळा गाऊन होता, त्यावर इनासच्या औषधाचा डाग होता.

"ब्रिजिता, मी इथे आहे."

तिने डोळे पुसून माझ्याकडे पाहिलं. "चहा ठेवलास का? बाहेर माणसं खोळंबलीत."

मी चहा ठेवला. स्वतःचाच इतका संताप मला कधी आला नव्हता.

मला एकच गोष्ट हवी होती. आमच्यात पेटीवर झाकण बसण्याआधी सगळ्यांच्या शेवटी बायको नवऱ्याच्या कपाळाचा मुका घेते. इनासच्या कपाळावर, उजव्या भुवईच्या वर, एक जुना व्रण होता. तिथे मला ओठ टेकवायचे होते. बाकी रडणं, फादरांची मिस्सा, फुलं, ज्याला हवं त्याने घ्यावं. मी पेटीकडे निघाले. पण आमचा दिवाणखाना म्हणजे काळे कपडे घातलेल्यांना जेमतेम खोलीभर आणि माझ्यासाठी लांबतच चाललेला. मी चालत होते तशा भिंती पुढे सरकत होत्या. मध्ये अनोळखी खुर्च्या आल्या, एक खिडकी आली, मग तशीच आणखी एक आली. पेटी दूरवर बारीक दिसत होती. मी तिथेच मटकन बसले आणि हमसाहमशी रडले.

"कोण रडतंय हे?" कुणीतरी विचारलं.

"कामवाली असेल. इनासचा स्वभावच तसा, सगळ्यांना जीव लावायचा."

"बायको बघ मात्र. डोळ्यांत टिपूस नाही. किती धीराची!"

मी सासूबाईंना गाठलं. सासरे गेल्यापासून त्या काळ्यातच असतात, त्यामुळे त्यांना कुठेही पटकन पोचता येतं. "आई, तुम्ही तरी सांगा ना यांना!"

त्यांनी माझ्या गाऊनकडे पाहिलं. "काळं नसेल तर दुःख दिसणार कुठून? लोकांनी काय अंदाज बांधत बसायचं?"

मग मी तव्याची काजळी गाऊनला फासली. बायकांनी तोंडं वाकडी केली, घरात मयत आणि हिला स्वच्छतेचं भान नाही म्हणाल्या. मी इनासची काळी छत्री उघडून अंगाभोवती धरली. कुणीतरी ती माझ्या हातातून काढून फादरांच्या डोक्यावर धरली, कारण बाहेर ऊन होतं.

शेवटी मी चहाचा ट्रे घेतला. ट्रे हातात असला की खोली लांबत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी थेट साडीपर्यंत पोचले.

"मला दोन मिनिटं दे," मी हळूच म्हटलं.

"वर्षभर माझी पाळी आहे," साडी म्हणाली.

"तू त्याला ओळखत तरी होतीस का?"

"नाही."

"मग?"

"मी काळी आहे."

"आणि वर्ष झाल्यावर?"

"वर्ष झाल्यावर दुःख संपतं. मग तू ये."

तेवढ्यात फादर म्हणाले, "आता पत्नीने पुढे यावं." साडी उठली. मी ट्रे टाकला, खाली वाकले आणि निऱ्यांखालून आत घुसले. कपबशा फुटल्या, तिकडे कुणी पाहिलं नाही. आत अंधार होता आणि खळीचा वास होता. मी बाह्यांत हात घातले, डोकं पदराखाली नेलं. साडी माझ्याभोवती आवळली. ती वाकली तशी मीही वाकले. व्रण अगदी ओठांजवळ आला. मी ओठ टेकवले. मध्ये पदर होता. मला फक्त कापड लागलं, आणि कापडाच्या पलीकडचा गारवा. मी ओरडले, "पदर बाजूला कर!" आतला आवाज बाहेर जात नव्हता. झाकण बसलं.

कबरस्थानापर्यंत मी चालले नाही, साडी चालली. मला रडायला येत नव्हतं. डोळ्यांतलं पाणी बाहेर पडायच्या आधीच कापड टिपून घेत होतं. पेटी खड्ड्यात उतरवली. ब्रिजिताने माझ्या हातात मूठभर माती दिली. पहिली माती बायकोची. ती पडल्याशिवाय दुसऱ्या कुणालाही टाकता येत नाही, फावडंसुद्धा उचलता येत नाही. सगळे हातात माती घेऊन थांबले. माती ओली होती आणि माझ्या तळहाताला लागत होती, खरोखर लागत होती.

"टाक गो," सासूबाई म्हणाल्या.

मी मूठ आवळली. साडीने माझा हात खड्ड्यावर धरला आणि एकेक बोट सोडवायला सुरुवात केली.