भिंतीपलीकडचं काळीज

“हात धुतले नाहीत तुम्ही,” तामेकेत म्हणाली. तिचे स्वतःचे हात कोपरापर्यंत कणकेत होते. “मेलेल्यांच्या मांडवातून आलात ते तसेच उंबऱ्यात?”

केनेर हलला नाही. चाळीस वर्षं तो प्रेतांची कूस चिरून त्यांना पुढच्या प्रवासाला तयार करत आला होता, पण भरदुपारी असा कधी घरी आला नव्हता. खांद्यावर दगडाचा ताजा वळ होता. त्याचं तिला काही नव्हतं. कूस चिरणाऱ्याला मयताच्या पोरांनी दगड मारून पळवायचं, ही रीतच.

“अगं, फुप्फुसाबरोबर काळीजही निघून आलं,” तो म्हणाला. “सुरी कुठे चालली ते दिसलंच नाही मला.”

तामेकेतचे हात थांबले. फुप्फुसं, आतडी सगळी काढून घड्यांत भरतात; काळीज तेवढं जागच्या जागी राहतं. मेल्यावर तिकडे न्यायाच्या दालनात ते तराजूत घालतात, आणि दुसऱ्या पारड्यात सत्याचं पीस. काळीजच नसलं तर तोलायचं काय? माणूस तिथेच संपला, कधी जन्मलाच नव्हता असा.

“कुणाचं?”

“भिंतीपलीकडचीचं.”

त्या बाईचं नाव घरात काढायचं नाही, असा अकरा वर्षांपूर्वीचा तामेकेतचाच हुकूम. नाव घेणारं कुणी आहे तोवर मेलेलं माणूस जगतं म्हणतात. तिने ते नाव बाई जिवंत असतानाच पुसून टाकलं होतं. कारण काय, तर एक पोसलेलं बदक नाहीसं झालं. देवाची मूर्ती खांद्यांवरून चालली होती, सारी वस्ती जमली होती, तेव्हा तिने शेजारणीला चोर म्हटलं आणि तुझं काळीज विटेसारखं जड होवो म्हणून तळतळाट दिला. पुढच्या महिन्यात बदकाची पिसं तामेकेतच्याच दिराच्या खाटेखाली सापडली. तिने ती चुलीत घातली आणि तोंड मिटलं. एरवी न मिटणारं तोंड ते.

केनेर पुटपुटत होता. छातीवर ठेवायचा दगडी भुंग्याचा ताईत जरा मोठा बसवू, वरून पट्ट्या गुंडाळू, कुणाला कळतंय. हाताखालची माणसं नदीवर प्रेतं सुकवायच्या खाराच्या गोण्या उतरवायला गेली होती. ती यायच्या आत उरकलं असतं.

“तिथे बेचाळीस न्यायाधीश बसतात,” ती म्हणाली. “त्यांच्या डोळ्यांवर तुमच्यासारखं पडळ नाही आलेलं. चला.”

पेटीतून तिने सुताची गुंडी काढली. वस्तीत तसं बारीक सूत कुणाला कातता आलं नव्हतं. स्वतःच्या कफनासाठी ठेवलेलं. बायका त्या मांडवात पाऊल टाकत नसत. तिने टाकलं.

केनेरने कूस उघडून धरली. तिने काळीज ओंजळीत घेतलं. मुठीएवढं, गार, पुरानंतरच्या गाळाच्या रंगाचं. त्या बाईने उच्चारलेला शब्द न् शब्द यात होता. ऐकलेलाही, तो तळतळाटसुद्धा. देवळाच्या गाभाऱ्यात तामेकेतला कुणी कधी नेलं नव्हतं. आत झाकून ठेवतात ते असंच असेल, असं तिला वाटलं, आणि तिचे गुडघे आपोआप जमिनीला टेकले. तळहाताला भार असा लागतच नव्हता.

काळीज जागच्या जागी ठेवून तिने कूस शिवायला घेतली. लेकीच्या पहिल्या अंगरख्याला घातले होते तसे बारीक टाके. शेवटची गाठ मारून ती त्या चिरेवर वाकली.

“बदक तू नेलं नव्हतंस. मला ठाऊक होतं. तिथे विचारतील तेव्हा माझं नाव सांग. ह्यांचं सांगू नकोस.”

“कुणाशी बोलतेस?” केनेरने विचारलं.

“तुमच्याशी नाही.”

त्याने काळ्या दगडाची सुरी धुतली, फडक्यात गुंडाळली आणि “आता ही नको मला,” म्हणत तिच्या हातात दिली. तामेकेतने ती कमरेला खोचली.

घरी कणीक फुगून काठवटीबाहेर आली होती. ऊन उतरता उतरता पहिली भाकरी निघाली, तशी ती घेऊन तामेकेत भिंतीपाशी गेली. पलीकडे मयताचे दोघे मुलगे दाढी वाढवून बसले होते. थोरल्याने भाकरीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“कुणासाठी?”

“हेनुतसाठी,” अकरा वर्षांनी ते नाव घेत ती म्हणाली.

त्याने उठून दोन्ही हातांनी भाकरी घेतली. ती अजून पोळत होती.