माझ्या अंगावरचा तपकिरी रंग

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. मी तांब्याचा एक जुना सेंट, म्हणजे डॉलरच्या शंभराव्या हिश्शाचं नाणं. अमेरिका देश नवा कोरा होता, तेव्हा फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत माझा जन्म झाला. माझ्या एका बाजूला केस पिंजारलेली स्वातंत्र्यदेवी, तर दुसऱ्या बाजूला साखळी. "ही बाई घाबरल्यासारखी का दिसते हो?" असं म्हणून लोकांनी तेव्हाच नाकं मुरडली. पाठीला साखळी असल्यावर कोण हसेल?

पीठ, खिळे, मेणबत्त्या यांच्यापायी मी हातोहात फिरलो. मग भिंतीच्या एका फटीत पडलो आणि तिथेच राहिलो. तिथे माझ्यावर हळूहळू तपकिरी रंग चढला. तीच माझी कातडी.

पुढे मी ओहायोतल्या ओरिन टकरमन यांना मिळालो. ते जुनी नाणी जमवायचे. त्यांच्या नाणेसंग्राहक मंडळात मला फक्त कडेला धरत. माझ्यावर वाकून बोलायला बंदी, कारण थुंकीचा थेंब उडाला तरी तांब्यावर काळा डाग पडतो.

"लेलँड, तोंड मिट!" ओरिन खेकसायचे.

"अरे, मी नुसता आ वासलाय!" त्यांचे मित्र लेलँड म्हणायचे.

किती सुखाचे दिवस होते ते! मग ओरिन वारले. त्यांच्या आठवणीसाठी मंडळाने चर्चच्या दालनात त्यांची नाणी मांडायचं ठरवलं. त्यांची मुलगी वर्ना मंडळात कधी आली नव्हती. तिने स्वयंपाकघरात बाबांचा नाण्यांचा डबा उघडला.

"अगं बाई! बाबा, किती कळकट ठेवलंत याला! चार लोक बघायला येणार."

तिने वाटीत व्हिनेगर ओतलं, त्यात मीठ घातलं. त्या वासानेच माझा जीव अर्धा झाला. नको गं, नको! पण मला वाचा कुठली? ती साखळीची बाजू खसाखसा घासू लागली. माझं सालटं निघत होतं आणि ती प्रेमाने गुणगुणत होती. मग तिने मला उलटवलं. फडकं देवीच्या गालाशी आलं.

"वर्ना! हात थांबव!" डबा न्यायला आलेले लेलँड दारातूनच ओरडले.

"केवढ्याने दचकवलंत, काका! बघा ना, कसा लख्ख झालाय."

लेलँड मटकन खुर्चीत बसले. "पोरी, तो मळ नव्हता गं. तो रंग आता परत यायचा नाही. तुझ्या बापाने तोच जिवापाड जपला होता."

वर्नाचा चेहरा पांढराफटक पडला. "मला वाटलं, बाबांना आवडेल..." ती माझ्यावर वाकून हुंदके देऊ लागली.

लेलँड खुर्चीतून उठले. त्यांनी तिचा खांदा धरला. "जरा मागे सरकून रड, बाळा. त्याच्यावर थेंब नको."

मित्रांनो, त्या दालनात मी देवीची बाजू वर करून पडलो होतो. खालची साखळी सोलवटलेल्या गुडघ्यासारखी गुलाबी होती. आता वर्नाही मंडळात येते, मला कडेला धरते आणि तोंडावर हात ठेवते. तरी कुणी साधा रुमाल काढला, की मला धडकी भरते. तुमच्या हाती एखादी जुनी वस्तू आली आणि माया दाटून आली, तर आधी कुणा जाणत्याला विचारा. तोवर फडकं लांब ठेवा.