मुकादमांचा थकवा

"रिपोर्ट छान आलेत. सूजही उतरलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग आंघोळ करून आलो की अर्धा तास पलंगावर का पडून राहतो मी?" मुकादमांनी विचारलं.

इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या लॉन्ड्रीत ते तीस वर्षं मुकादम होते. यंत्रांच्या खडखडाटातही त्यांची हाक पार पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचायची. वर्षापूर्वी संधिवात निघाला आणि त्यांनी घर धरलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "फ्लूत अंग कसं गळून जातं? जंतूंशी लढणाऱ्या पेशी रक्तात काही रसायनं सोडतात. ती मेंदूला सांगतात, आडवा हो. लढाई संपली की निरोप थांबतो. तुमच्या पेशी तुमच्याच सांध्यांवर उलटल्यात. त्यांचा निरोप थांबतच नाही."

"पण सूज तर गेली ना?"

"कधी कधी सूज जाते, थकवा राहतो. का, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही."

"मनाचे खेळ नाहीत ना हे?"

"मुळीच नाहीत."

"गोळी?"

"या थकव्यावर हमखास अशी नाही."

मुकादमांना लॉन्ड्रीतली घडीवाली आठवली.

ती चादरींच्या घड्या घालायची आणि मध्येच ढिगाऱ्याला टेकून बसायची. आजाराचं नाव वेगळं, पण जात हीच. तिने डॉक्टरची चिठ्ठी आणली, तेव्हा मुकादमांनी ती सगळ्यांसमोर फडकवली होती. "गालाला पावडर फासायला दम आहे, चादर उचलायला नाही?" सगळे खो खो हसले. ती गालांवरचे लाल चट्टे झाकत होती, हे त्यांना फार उशिरा कळलं. त्यांनी 'कामचुकार' असा शेरा मारला आणि महिन्याभरात तिचं काम गेलं.

दवाखान्यातून ते थेट तिच्या घरी गेले. तिसरा मजला. दर वळणावर पायरीवर बसले. दार तिच्या बहिणीने उघडलं. भर दुपारी पडदे ओढलेले होते.

"ऊन सोसत नाही तिला," बहीण म्हणाली आणि त्यांना पलंगाजवळच्या खुर्चीकडे घेऊन गेली.

"मुकादम ना?" पलंगावरून आवाज आला. "जिन्यात तुम्हीच थांबत होतात? मला वाटलं, माझ्यासारखंच कुणीतरी येतंय."

"मलाही त्यातलंच झालंय, बाई." ते खुर्चीत टेकले. "चुकलं माझं. तुम्हाला चारचौघांत नको ते बोललो. माफ करा."

तिने मान त्यांच्याकडे वळवली.

"तुम्हाला झालं नसतं, तर आला असतात?"

खोटं बोलायचं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं.

"नाही," ते म्हणाले.

"रागवायला जोर लागतो, मुकादम. माफ करायलाही लागतो. सकाळी केस विंचरले, त्यात आजचा संपला." तिने भिंतीकडे कूस वळवली.

बहिणीने जाऊन दार उघडलं. मुकादमांनी गुडघ्यांवर हात टेकले, उठायला गेले आणि परत खुर्चीत बसले.

"जरा टेकू का? पाच मिनिटं?"

बहीण उघडं दार धरून तशीच उभी राहिली.