चार बोटं डावीकडे

लोथार ब्रांडेसला दिव्याला हात लावायची बंदी होती. बर्लिनमध्ये सतरा चित्रपटांची प्रकाशयोजना करून आलेल्या या माणसाला हॉलिवुडच्या कॅमेरामन युनियनने आठ वर्षं सभासदाचं कार्ड दिलं नव्हतं. कागदोपत्री तो नुसता सल्लागार. तो काठीने दाखवायचा, वीजवाले दिवे सरकवायचे, आणि पडद्यावर नाव झळकायचं प्रुइटचं. कार्ड प्रुइटकडे होतं. तो खुर्चीत बसून शब्दकोडी सोडवायचा, पण माणूस वाईट नव्हता; लोथारला तो प्रोफेसर म्हणायचा.

दिग्दर्शक एगॉन फाबियान हा लोथारचा बर्लिनपासूनचा दोस्त. दोघे एकाच गाडीने देश सोडून पळाले होते. स्टुडिओ कडका, भिंती उसन्या, म्हणून लोथार एकच दिवा लावायचा आणि बाकीचं दारिद्र्य काळोखात झाकून टाकायचा. खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या, ओला रस्ता, दारात उभी बाई. समीक्षक त्याला 'फाबियानचा अंधार' म्हणू लागले होते. लोथारला ते लागायचं, पण एगॉन गळ्यात हात टाकून म्हणायचा, "मला दिव्यातलं ओ की ठो कळत नाही बाबा. तू करशील ते खरं." न कळणाऱ्यावर काय रागवायचं?

शनिवारी युनियनची समिती त्याच्या कार्डाचा निकाल लावणार होती. कार्ड मिळालं की एका मोठ्या स्टुडिओत नोकरी ठरलेली, तीही स्वतःच्या नावावर. हे त्याने फक्त एगॉनला सांगितलं. एगॉनने त्याला मिठी मारली.

गुरुवारी दुपारी शेवटचं दृश्य होतं. पहिल्या रिळातच एका बाईच्या नादाने वाया गेलेला कारकून शेवटी तिचं दार उघडतो. एगॉनचं नेहमीचं सांगणं असायचं, "आपल्या चित्रात कोणी माणसाला ढकलत नाही. दार उघडं ठेवायचं, तो आपल्या पायांनी आत जातो." पट्ट्यांची सावली तोंडभर हवी, डोळा तेवढा उजेडात. जेवणाआधी लोथारने ते केसभरही चूक न ठेवता जुळवलं होतं.

जेवून येतो तर सावली नेमकी डोळ्यावर. वीजवाले जागेवर नव्हते. एगॉनशेजारी टोपीवाला एक अनोळखी माणूस उभा होता.

"थांब एगॉन, डोळा गेला."

"जाऊ दे रे, कोणाला कळतंय? चला, कॅमेरा."

लोथारचे हात शिवशिवले. आठ वर्षं आवरलेला हात पुढे गेला आणि त्याने तापलेला दिवा सरकवला. बोटं पोळली, डोळा उजळला.

टोपीवाल्याने वही काढली. "मिस्टर ब्रांडेस, मी युनियनकडून आलोय. शनिवारी तुम्ही येऊ नका."

लोथार बाहेर अंगणात रणरणत्या उन्हात पायरीवर बसला. प्रुइट मागोमाग आला.

"प्रोफेसर, तो दिवा मी हलवला. फाबियान म्हणाला, चार बोटं डावीकडे घे, गंमत करायचीय. वीजवाल्यांनाही त्यानेच पिटाळलं. मला माहीत नव्हतं हो."

एगॉन मलमाची डबी घेऊन शेजारी येऊन बसला. त्याने लोथारचा हात मांडीवर घेतला आणि हळूच मलम लावू लागला.

"वाईट झालं. पण मी आहे ना? पुढच्या चित्रालाही तू माझ्याच शेजारी."

एगॉनने आपल्याला अडवून ठेवलं, हे लोथारने एक वेळ सोसलं असतं. साथ सुटेल म्हणून भिणारा माणूस काहीही करतो. आत तुटत होतं ते वेगळंच.

"तीन बोटांनी सावली भुवईवर राहिली असती," तो म्हणाला. "मी हललोही नसतो. पाच बोटांनी गालावर उतरली असती. नेमकी चारच."

एगॉनचा हात थांबला.

"तुला सगळं कळत होतं, एगॉन. पहिल्यापासून."